दुष्काळाने घर नेलं, दुष्काळातल्या मुलींना घर दिलं : पंडिता रमाबाईंची गोष्ट

नंदाखाल, ता. वसई (वार्ताहर) : ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच तारखेला पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचं निधन झालं. शंभर वर्षं कधीच उलटून गेली. आमच्या वेळी शाळेत रमाबाई म्हणजे एका वाक्यात उत्तर लिहायचा प्रश्न. शारदा सदन कोणी स्थापन केलं? पंडिता रमाबाईंनी. एक मार्क मिळाला की विषय संपला.

मला रमाबाई खऱ्या कळल्या त्या खूप उशिरा, आणि त्याला कारण घडलं ते एक जेवणाचा डबा.

२०२१ चा एप्रिल-मे आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. आमच्या घरात एकापाठोपाठ एक सगळे कोरोनाने पडले. त्यातून उठतोय न उठतोय तोच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. वाडीतली केळ एका दिवसात आडवी झाली. लाईट गेली ती लवकर आलीच नाही. मोटार बंद, म्हणजे विहीर भरलेली असून घरात पाणी नाही. घरात चूल पेटवायचं अंगात बळ नव्हतं. मी शेजारी फोन करायला तीनदा मोबाईल हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. आपण देणारे लोक. कोणाच्या लग्नाला, मयताला, वादळात पडलेलं झाड उचलायला पुढे असणारे. मागायचं कसं? जीभच उचलत नव्हती.

संध्याकाळी गेटला कडी वाजली. जाऊन बघतो तर पिशवीत डबा लटकवलेला. शेजारची वहिनी लांबून हात हलवून निघूनही गेली. पुढे आठ दिवस तो डबा येत राहिला. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

नंतर कधीतरी रमाबाईंचं चरित्र वाचनात आलं. त्यात एका भाकरीचा प्रसंग आहे. तो वाचला आणि मला माझा खाली ठेवलेला मोबाईल आठवला. म्हणून आज ही गोष्ट सांगतोय.

वेताच्या पेटाऱ्यातून सुरू झालेला प्रवास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. घर मराठी, पण जन्म कर्नाटकातल्या गंगामूळच्या डोंगरात, जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांचा एक हट्ट होता. बायकोला संस्कृत शिकवायचं. त्या काळी बाईने अक्षर गिरवणं म्हणजे पाप समजत, तिथे संस्कृतचं नावच नको. लोकांनी विरोध केला म्हणून ते जंगलात जाऊन राहिले आणि बायकोला, लक्ष्मीबाईंना, शिकवलंच. पुढे आईने लेकीला शिकवलं.

शास्त्रीबुवांच्या घरी विद्यार्थी, यात्रेकरू, पाहुणे यांचा राबता असे. येईल त्याला जेवण. देता देता जमीनजुमला गेला, कर्ज झालं. रमा सहा महिन्यांची असताना सगळं घर डोंगर उतरलं. तान्ह्या रमाला वेताच्या पेटाऱ्यात घालून खाली आणलं होतं. तिथून जे चालणं सुरू झालं ते पुढे वीस वर्षं थांबलं नाही.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पुराण सांगायचं, लोक जे धान्य-पैसे ठेवतील त्यावर भागवायचं आणि पुढच्या गावी निघायचं. हाच त्यांचा संसार. भीक मागायची नाही, हा घरचा नियम. पोरगी चालता चालता शिकली. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते. पण पोटासाठी हाताने करायचं असं कोणतंही काम त्या घरात कोणालाच येत नव्हतं. पुढे हीच गोष्ट नडली.

मागितलेली भाकरी

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात पाऊस हटला आणि दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही, तर पुराण ऐकून धान्य कोण टाकणार? डोंगरे कुटुंबाने आधी पैसे संपवले, मग दागिने विकले, मग चांगले कपडे, मग तांब्या-पितळेची भांडी. शेवटी विकायला काही उरलं नाही. शेतात मजुरी करावी तर सवय नाही, आणि लाज आडवी. उपाशी मरायचंच तर लोकांच्या नजरेआड मरू, म्हणून सगळे जंगलात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढले.

वडील थकले होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. ते गेले. खांदा द्यायला माणूस मिळाला नाही. रमाच्या भावाने, श्रीनिवासने, बापाचं शरीर धोतरात गाठोड्यासारखं बांधलं आणि एकट्याने कोसभर लांब नेऊन पुरलं.

मग रायचूरला आई आजारी पडली. अंगात ताप, पोटात अन्न नाही. तिला भाकरी खावीशी वाटली. शेजारी एक बाई राहत होती. तिच्याकडून बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा आण, असं आईने सोळा वर्षांच्या रमाला सांगितलं.

रमा गेली. दारात उभी राहिली. ती बाई मायेने बोलली. तरी रमाच्या तोंडून शब्द निघेना. डोळे भरून आले, ते लपवता लपवता पुरेवाट झाली. जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता. शेवटी सगळी ताकद लावून तिने तो तुकडा मागितला. बाईने लगेच दिला.

घरी आणला. पण आईच्यात तो खायचंही त्राण उरलं नव्हतं. काही दिवसांत आई गेली.

तिरडीला चार माणसं हवीत. दोघा ब्राह्मणांना दया आली, ते पुढे आले. तिसरा भाऊ. चौथं कोणी मिळेना म्हणून चौथी रमा. ती उंचीने कमी, खांदा पुरेना. तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि स्मशानापर्यंत चालली. पुढे थोड्या काळात मोठी बहीणही पटकीने गेली. पाच माणसांच्या घरात दोघंच उरली.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. एक, मागणं किती जड असतं ती. दुसरी, त्या दिवसांतही भाकरी लगेच देणारी बाई होती आणि तिरडीला हात लावणारी दोन माणसं होती. रमाबाई यातली कोणतीच गोष्ट शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

वाळूत खड्डा खणून काढलेली रात्र

त्यानंतर बहीण-भाऊ पायी फिरत राहिले. दक्षिणेतून थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. हजारो मैल. खायला भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ. झेलम नदीच्या काठी एकदा थंडी इतकी पडली की अंगावर घालायला काही नव्हतं म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

१८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि चकित झाले. परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांत नाव झळकलं. जिला चार वर्षांपूर्वी भाकरीचा तुकडा मागताना रडू आवरत नव्हतं, तिचं भाषण ऐकायला आता सभा भरू लागल्या.

पण दिवस फिरले म्हणावं तर लगेच पुन्हा घाव. १८८० साली भाऊही पटकीने गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. जात, प्रांत, भाषा, सगळं ओलांडून केलेलं लग्न. १८८१ ला मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही पटकीनेच गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वय २३, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही.

बोटीचं तिकीट पुस्तकाच्या पैशातून

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. बायकांना शिक्षक आणि डॉक्टर होऊ द्या, अशी साक्ष त्यांनी सरकारच्या हंटर कमिशनपुढे दिली. 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून १८८३ मध्ये इंग्लंडची बोट धरली. स्वतः डॉक्टर व्हायचं होतं. पण कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे ते राहिलं.

इंग्लंडमध्ये त्यांनी एक गोष्ट पाहिली. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी सांभाळत होत्या, कामधंदा शिकवत होत्या. अशा बाईलाही पुन्हा उभं करता येतं, हे बघून रमाबाईंच्या मनावर फार परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. काल डोक्यावर घेणारे लोक आज तोंड फिरवू लागले.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं. तिथे दोन-अडीच वर्षं राहून गावोगाव भाषणं केली, भारतातल्या विधवांची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बालवाडीची शिक्षणपद्धतही शिकून घेतली. बॉस्टनमध्ये लोकांनी संस्था काढून दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींसाठी घर आणि शाळा. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक होती गोदूबाई नावाची विधवा मुलगी. शिकून मोठी झाल्यावर १८९३ मध्ये तिचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं. तेच आपले महर्षी कर्वे. पुढे हिंगण्याला त्यांनी स्त्रीशिक्षणाचं जे काम उभं केलं त्यात या शारदा सदनच्या लेकीचा मोठा वाटा आहे.

१८९० ला सदन पुण्याला हललं. १८९३ मध्ये वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातंय, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर हे आजही लोक आपापल्या परीने सांगतात. पण एक दिसतं. रमाबाईंनी सदनाला कुलूप लावलं नाही. ज्या मुलींना परत जायला घरच नव्हतं, त्या तिथेच राहिल्या.

आधी विहीर, मग बाग

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मी वाडीवाला माणूस, त्यामुळे असेल.

अमेरिकेतली मदत दहा वर्षांची होती. ती १८९८ च्या सुमारास संपणार, हे रमाबाईंना ठाऊक होतं. संपल्यावर काय करायचं याचा विचार त्यांनी संपायच्या आधीच सुरू केला. सदनाला स्वतःचं उत्पन्न हवं, आणि ते जमिनीतून यावं. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, रेल्वेच्या कडेला, केडगावला त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, फळं विकायची, त्यावर मुली सांभाळायच्या, असा बेत.

केडगाव म्हणजे दौंड तालुका. आपल्या वसईत पडतो त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास तिकडे पाऊस. आपल्याकडे वाडीत बावखल असतं, विहीर असते, पूर्वी रहाट फिरायचे, पाण्याचं मोल आपल्याला उन्हाळ्यातच काय ते कळतं. तिकडे ते बारा महिने कळतं. रमाबाईंनी तिथे विहिरी खणायला घेतल्या. जिने लहानपणी शेतात कधी हात घातला नव्हता, घरच्या नियमामुळे जिला मजुरी करता आली नाही, ती बाई आता माती, पाणी आणि कलमं यांचा हिशेब शिकत होती. आपल्या आईबापांना दुष्काळाने मारलं तसंच हाताला काम नसण्यानेही मारलं, हे त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं असणार.

झाडं अजून लहान होती. फळं यायला वेळ होता. आणि १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला.

मागायला कोणी येईल याची वाट पाहिली नाही

या वेळी मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागात, फार हाल होते. बातम्या पुण्याला येत होत्या. रमाबाईंच्या हातात तेव्हा काय होतं? अर्धवट वाढलेली बाग, संपत आलेली मदत, पुण्यातल्या लोकांचा राग आणि आधीच्याच मुलींचा खर्च. थांबायला चार चांगली कारणं होती. त्यांचंही मन आधी कचरलं. पण वीस वर्षांपूर्वीचा आपला दुष्काळ डोळ्यांपुढे आला आणि त्या निघाल्या.

तिकडे जाऊन त्यांनी दुष्काळी कामं पाहिली, सरकारी गरीबखाने पाहिले. हाडाचे सापळे झालेली माणसं, आणि त्यात आईबाप मेलेल्या किंवा सोडून गेलेल्या पोरी. अशा पोरींना फसवून धंद्याला लावणारी माणसंही तिथेच घिरट्या घालत होती. हे बघितल्यावर त्या परत फिरू शकल्या नाहीत. जमतील तेवढ्या मुली गोळा केल्या, आगगाडीत बसवल्या आणि पुण्याला आणल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आणल्या.

मागणं किती जड असतं हे ज्या बाईला कळलं होतं, तिने मुलींना आपल्या दारात येऊन मागायची वेळ येऊ दिली नाही. ती स्वतः त्यांच्यापर्यंत गेली.

पुण्यात तेव्हा दुसरं संकट आलं होतं. प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत तो उघडकीला आला आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला. सदनात आणखी माणसं ठेवू नका, असा अधिकाऱ्यांचा हुकूम आला. दुष्काळातून आणलेल्या मुली घेऊन जायचं कुठे? तेव्हा केडगावची जमीन उपयोगी पडली. बागेसाठी घेतलेल्या रानात तंबू ठोकले, झापं उभी केली. बैलगाड्या, चुली, पिंपं, जे मिळेल ते घेऊन माळावर संसार मांडला. प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात, यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं. सरकारला ते झोंबलं, पण त्या मागे हटल्या नाहीत.

या दुष्काळातल्या सुमारे ३०० मुली केडगावला राहिल्या. वस्तीचं नाव पडलं मुक्ती.

पोरी भाकरी लपवून ठेवायच्या

मुली आणल्या म्हणजे काम झालं, असं नव्हतं. खरं काम तिथून पुढे. किती तरी पोरी इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्या घाबरलेल्या. भाकरी दिली तर अर्धी खाऊन अर्धी लपवायची, कारण उद्या मिळेल यावर विश्वास नाही. चोऱ्या, मारामाऱ्या, शिव्या. अंगावर खरूज, डोक्यात उवा.

हे सगळं सांभाळलं कोणी? शारदा सदनच्या आधीच्या मुलींनी. म्हणजे ज्या स्वतः कालपर्यंत टाकलेल्या विधवा होत्या, त्यांच्यावर रमाबाईंनी नव्या मुली सोपवल्या. कोणी न्हाऊ घालायचं, कोणी अक्षर शिकवायचं, कोणी रात्री उशाशी बसायचं. ज्यांना काल आधार मिळाला त्या आज आधार द्यायला उभ्या राहिल्या. पैशाने माणसं ठेवून हे काम झालं नसतं.

शिकवायची पद्धतही ठरलेली. नुसतं पुस्तक नाही. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, गाईगुरं, बागकाम, रांधणं, छापखाना. प्रत्येक मुलीच्या हाताला एक तरी काम यायलाच पाहिजे. उद्या मुक्ती नसली तरी पोट भरता आलं पाहिजे. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवायची सोय केली. फसवल्या गेलेल्या, पोटुशी राहिलेल्या बायकांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपा सदन. इंग्लंडमध्ये जे पाहिलं होतं ते अशा रीतीने आपल्या मातीत उतरवलं.

दोन विहिरींचा तळ

१८९९-१९०० ला तिसरा दुष्काळ. छप्पन्न सालचा दुष्काळ म्हणून, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, गुजरात-राजस्थानकडे त्याचं नाव अजून घेतात. आपल्या विरार-वसईवरून गुजरातला जाणारी रेल्वे तेव्हाही होती. त्या रुळाच्या वरच्या टोकाला माणसं आणि गुरं पटापट मरत होती.

रमाबाईंनी पुन्हा माणसं पाठवली, पुन्हा मुली आणल्या. गुजरात, काठेवाड, राजपुतान्यातून. मुक्तीतली संख्या दीड हजाराच्या वर गेली. शिवाय शंभरावर गुरं. त्यात बांधकामं चालू, त्यालाही पाणी.

आणि त्या वर्षी केडगावलाही पाऊस नव्हता. दोन विहिरींवर सगळा भार. दिवसभर उपसा चालायचा आणि संध्याकाळी दोन्ही विहिरींचा तळ दिसायचा. रात्रभरात झरे जेवढं भरतील तेवढ्यावर दुसरा दिवस. सकाळी बघावं तर त्या दिवसापुरतं पाणी आलेलं असे. असा अख्खा उन्हाळा काढला. रमाबाई याला देवाची कृपा म्हणत. ज्याने कधी उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाणी किती उरलं ते बघितलंय, त्याला त्या बाईच्या रोजच्या संध्याकाळी कशा गेल्या असतील ते वेगळं सांगायला नको.

माझ्यासारख्याला यातून एक दिसतं. झरे देवाने दिले असतील, पण विहिरी आधी खणलेल्या होत्या. दुष्काळ आल्यावर खणायला घेतल्या असत्या तर दीड हजार मुलींना पाणी पाजता आलं नसतं.

साध्या बायकांच्या मराठीत

शेवटची वर्षं रमाबाईंनी एका मोठ्या कामात घातली. बायबलचं मराठी भाषांतर. संस्कृत, मराठी, इंग्रजी येत होतंच. या कामासाठी वय झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. आधीची भाषांतरं पंडिती होती. रमाबाईंना मुक्तीतल्या, खेड्यातल्या अर्धवट शिकलेल्या बाईला वाचता येईल असं पुस्तक हवं होतं. स्वतः एवढी मोठी पंडिता, पण लिहायचं ते चुलीपुढच्या बाईला कळेल असं. छपाईही मुक्तीतल्या मुलींनीच केली.

आम्हा नंदाखालवाल्यांना हे वाचून जवळचं वाटतं. कारण बायबल सोप्या मराठीत आणणारे दुसरे मोठे नाव याच गावच्या मातीतलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांचं 'सुबोध बायबल' वसईतल्या किती तरी घरांत आहे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. केडगाव आणि नंदाखाल या दोन गावांत अंतर पुष्कळ, पण सामान्य माणसाला कळेल असं लिहायची ओढ तीच.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण सुखाने म्हातारपण काही वाट्याला आलं नाही. ज्या मनोरमेच्या हाती सगळं सोपवायचं होतं, ती जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. रमाबाईंनी हाताशी होतं ते भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं. केडगावची मुक्ती आजही चालू आहे. निराधार बायका-मुलांना तिथे आजही आसरा मिळतो.

जाता जाता

रमाबाईंचा धर्म कोणता, त्यांनी तो का बदलला, यावर आजही वाद घालणारे घालतात. दुष्काळातल्या ज्या पोरीला आगगाडीत बसवून कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिला त्या क्षणी काय वाटलं असेल, तेवढंच मी बघतो.

वाईट दिवस आले की आपल्याला वाटतं, आधी आपलं सावरू, मग दुसऱ्याचं बघू. रमाबाईंचं पूर्ण सावरलं असं आयुष्यात एकही वर्ष गेलं नाही. सावरायची वाट बघत बसल्या असत्या तर मुक्ती झालीच नसती. आणि दुसरी गोष्ट ती विहिरीची. चार बरे दिवस असताना थोडं धान्य, थोडं पाणी, चार माणसांशी चांगले संबंध जपून ठेवले तर वाईट दिवसांत आपल्यालाही पुरतं आणि शेजाऱ्यालाही देता येतं.

आपल्या पाड्यावर, आळीत, वाडीत आत्ताही असं एखादं घर असेल. कोणाचा धंदा बसलेला, कोणाच्या घरात आजारपण, कोणाचं पीक पावसाने गेलेलं. त्यांचा फोन येणार नाही. तो हातात घेऊन पुन्हा खाली ठेवलेला असेल.

आमच्या शेजारच्या वहिनीने रमाबाईंचं नाव ऐकलंय का, मी कधी विचारलं नाही. तिचा डबा मात्र धुऊन परत करताना आमच्या घरच्यांनी तो रिकामा दिला नाही. वाडीतली उरलेली चार केळी होती, ती आत ठेवली. तेव्हापासून तो डबा दोन घरांत येतो-जातो आहे, अजून कोणाकडे कायमचा राहिलेला नाही.